साडेतीन सेकंद

सामान्यज्ञानाच्या कोणत्याही पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो. जगातले पहिले विमान कोणी, केव्हा आणि कोठे उडवले? उत्तर एका ओळीत मावते : ऑर्व्हिल राईट, १७ डिसेंबर १९०३, किटी हॉक, अमेरिका. पुस्तक थोडे जाड असेल तर '१२ सेकंद, १२० फूट' एवढे जास्त मिळते. आमच्या वर्गातली स्पर्धापरीक्षांच्या मागे लागलेली मंडळी हे उत्तर झोपेतही सांगतील. मीही सांगेन.

पण त्याच वाळूवर, त्याच विमानाला, बरोबर तीन दिवस आधी, म्हणजे १४ डिसेंबरला, उड्डाण घेतानाच अपघात झाला होता. त्या वेळी विमानात ऑर्व्हिल नव्हता. त्याचा थोरला भाऊ विल्बर होता. हे मात्र कोणी विचारत नाही. विचारण्यासारखे त्यात आहे तरी काय? कोणी दगावले नाही, कोणाला मोठी इजा झाली नाही. विमान साडेतीन सेकंद हवेत होते, मग वाळूत आपटले. एवढीच हकिगत. मागच्या वर्षी आपल्या ग्रंथालयात परतीच्या गाडीची वेळ होईपर्यंत बसले असताना एका इंग्रजी पुस्तकात ती मला सापडली, आणि तेव्हापासून ती डोक्यातून जात नाही. का जात नाही, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी या दोघा भावांविषयी. विल्बरचा जन्म १८६७ चा, ऑर्व्हिलचा १८७१ चा. दोघांत चार वर्षांचे अंतर. वडील धर्मोपदेशक, बिशप. ओहायो राज्यातील डेटन या गावी दोघांचे सायकलींचे दुकान होते. सायकली दुरुस्त करायच्या, विकायच्या, पुढे स्वतः बनवायच्या. गंमत म्हणजे ज्यांच्या नावाचे धडे जगभरच्या शाळांत शिकवले जातात, त्या दोघांपैकी एकाकडेही शाळा पूर्ण केल्याचे प्रशस्तिपत्र नव्हते. त्यांची धाकटी बहीण कॅथरीन मात्र १८९८ साली ओबर्लिन कॉलेजातून पदवीधर झाली आणि डेटनच्या एका हायस्कूलमध्ये लॅटिन शिकवू लागली. म्हणजे घरात आर्ट्सची पदवी होती, पण ती बहिणीकडे! कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. कोणी 'आर्ट्सला जाऊन काय करणार' असे विचारले तर उपयोगी पडेल.

विल्बरला शिकायचे नव्हते असे नाही. तो हुशार होता, आणि येल विद्यापीठात जाण्याचा विचार घरात चालला होता. १८८५-८६ च्या हिवाळ्यात, वयाच्या अठराव्या वर्षी, बर्फावर हॉकीसारखा एक खेळ खेळताना काठी त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दात गेले. शरीर सावरले, पण मन खचले. आईला क्षयाने ग्रासले होते. तिची सेवा करीत आणि वडिलांच्या संग्रहातली पुस्तके वाचीत त्याने जवळजवळ तीन वर्षे घरातच काढली. १८८९ साली आई गेली. येलचे नाव मग कोणी काढले नाही. म्हणजे विमानात बसण्याच्या कितीतरी आधी या माणसाचे एक उड्डाण जमिनीवरच राहिले होते.

आता १९०३ चा डिसेंबर. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर वाळूचा एक लांबच लांब पट्टा आहे. तेथे वारा भरपूर, माणसे थोडी आणि पडले तरी खाली मऊ वाळू, म्हणून भावांनी ही जागा निवडली होती. किटी हॉक हे जवळचे गाव. प्रत्यक्ष प्रयोग त्याच्या दक्षिणेला चार मैलांवर, किल डेव्हिल हिल्स नावाच्या वाळूच्या टेकड्यांपाशी चालत. १९०० सालापासून ते येथे येत होते. आधी इंजिन नसलेली घसरविमाने उडवून तोल कसा राखायचा ते शेकडो वेळा घोटून घेतले होते. आता प्रथमच इंजिन बसवलेले विमान आणले होते. त्याच्या पंखांचा विस्तार चाळीस फुटांहून थोडा जास्त, वजन माणसाशिवाय ६०५ पौंड. बारा अश्वशक्तीचे इंजिन त्यांच्या दुकानातला कारागीर चार्ली टेलर याने घडवले होते. पंखे फिरवायला साखळ्या होत्या, सायकलीच्या असतात तशाच, फक्त दणकट. चालवणाऱ्याने खालच्या पंखावर पालथे निजायचे. पोटाखालचा पाळणा कमरेने इकडेतिकडे सरकवला की तोल सांभाळता येई आणि हातातल्या दांड्याने पुढचे आडवे सुकाणू वर-खाली करता येई. हे सुकाणू शेपटीला नव्हते, विमानाच्या पुढे होते. त्याच्यामुळे काय घडले ते पुढे येईलच.

नोव्हेंबरात पंख्याचे दांडे तुटले. ऑर्व्हिल गाडीने डेटनला गेला, नवे पोलादी दांडे करून घेऊन ११ डिसेंबरला परतला. १३ तारखेला रविवार होता. हवा चांगली होती, पण रविवारी काम करायचे नाही हा बिशपांच्या घरचा नियम. तो दिवस तसाच गेला. सोमवारी, १४ तारखेला, वारा अगदी मंद पडलेला. सपाटीवरून उडण्याजोगा जोर त्यात नव्हता. तेव्हा विमान टेकडीच्या उतारावर नेऊन तेथून सोडायचे ठरले. खोपटावर खुणेचे निशाण चढवले, आणि जवळच्या जीवरक्षक केंद्रातले पाच जण मदतीला आले. फुटलेल्या जहाजांवरच्या लोकांना वाचवणे हे त्यांचे नेहमीचे काम. त्यांच्याबरोबर दोन लहान मुले आणि एक कुत्राही आला. सर्वांनी मिळून ते अवजड यंत्र पाव मैल ओढत नेले. साठ फूट लांबीचा लाकडी रूळ उतारावर मांडला. इंजिन सुरू झाल्याबरोबर त्या आवाजाने दोन्ही मुले कुत्र्यासह जी पळाली ती टेकडीपलीकडे दिसेनाशी झाली.

पहिल्यांदा कोण? भावांनी नाणे उडवले. कौल विल्बरला मिळाला.

तो पालथा झाला. ऑर्व्हिल एका पंखाचे टोक धरून शेजारून पळू लागला, पण विमान असे काही सुटले की त्याला गाठता आले नाही. चाळीसएक फूट धावले आणि त्याने रूळ सोडला. विल्बरने नाक वर केले. जरा जास्तच वर केले. विमान पंधराएक फूट चढले, वेग मंदावला, आणि ते मागे ओढल्यासारखे खाली येऊ लागले. डावा पंख आधी टेकला, यंत्र गर्रकन फिरले, पुढचे आधार वाळूत रुतले आणि कडाड् असा आवाज होऊन मोडले. ऑर्व्हिलच्या हातात घड्याळ होते. साडेतीन सेकंद. रुळाच्या टोकापासून अंतर १०५ फूट.

हे असे का झाले, ते समजायला शास्त्र शाखेत जावे लागत नाही. सायकलवरून चढ चढताना आपण वेग घेऊन येतो. चढ बेताचा असेल तर त्या वेगावर वर पोचतो. पण एकदम उभा चढ घेतला तर निम्म्यातच वेग मरतो, चाक डगमगते आणि आपण आडवे होतो. विमानाचा पंख हवेतून वेगाने पुढे जातो म्हणून त्याला उचल मिळते. नाक थोडे वर केले की उचल वाढते. फार वर केले की वेग मरतो आणि मग पंख भार पेलत नाही. त्यात हे पुढचे सुकाणू भलतेच हलके फिरणारे होते. जरा हलवावे तर ते फार वळे. घसरविमानांवर विल्बरचा हात बसला होता. पण इंजिनाचा जोर, रुळावरून सुटणे आणि हे नवे सुकाणू या तिन्ही गोष्टी एकत्र त्याला प्रथमच भेटत होत्या. भेट साडेतीन सेकंदांची. तेवढ्यात कोण काय शिकणार?

पण तो शिकला, आणि मला नवल वाटते ते याचेच. त्याने त्याच दिवशी घरी पत्र लिहिले. अपघात लपवला नाही. सरावाच्या अभावी आपल्याकडून छोटीशी चूक झाली, इंजिनाचा जोर पुरेसा आहे, यंत्र उडणार यात आता शंका उरलेली नाही, अशा अर्थाचे ते पत्र आहे. जो माणूस दुपारी वाळूत आपटला होता, तो आता शंका उरली नाही असे लिहितो! ऑर्व्हिलने दैनंदिनीत टिपून ठेवले : सेकंद किती, फूट किती, उतार किती, काय काय मोडले. पुढचे दोन दिवस दोघे भाऊ मोडलेले भाग दुरुस्त करत होते. १६ तारखेला विमान पुन्हा उभे राहिले.

याच आठवड्यातला दुसरा अपघात शेजारी ठेवला म्हणजे याची किंमत कळते. ८ डिसेंबर १९०३ रोजी वॉशिंग्टनजवळ प्रोफेसर सॅम्युएल लँगली यांचे विमान पोटोमॅक नदीत पडले. लँगली साधी असामी नव्हती. ते स्मिथसोनियन या विख्यात संस्थेचे प्रमुख होते, वय ६९ वर्षे. त्यांच्या माणूस नसलेल्या, वाफेवर चालणाऱ्या प्रतिकृती १८९६ सालीच उडाल्या होत्या. अमेरिकेच्या युद्धखात्याने त्यांना ५०,००० डॉलर दिले होते. राईट बंधूंचा सगळा खर्च हजार डॉलरच्या आत होता. लँगलींचे विमान एका तरंगत्या घरावरून फेकण्यात येई. ७ ऑक्टोबरला पहिला प्रयोग झाला तेव्हा ते सरळ पाण्यात गेले. दोनच दिवसांनी न्यूयॉर्क टाइम्सने लिहिले की, माणसाला उडायला दहा लाख ते एक कोटी वर्षे लागतील. डिसेंबरात दुसऱ्यांदा तेच झाले. चालक चार्ल्स मॅन्ली यांना गार पाण्यातून कसेबसे बाहेर काढले. मग वृत्तपत्रांनी आणि लोकप्रतिनिधींनी या वृद्ध शास्त्रज्ञाची जी टर उडवली, तिला सुमार राहिला नाही. पुढचे पैसे मिळाले नाहीत. १९०६ साली ते वारले. तिसरा प्रयोग त्यांच्या हातून झाला नाही.

दोन्ही अपघात उड्डाण घेतानाचेच. एका आठवड्याच्या आतले. एक विमान तीन दिवसांत पुन्हा उभे राहिले, दुसरे राहिले नाही. लँगलींच्या यंत्रात दोष होते, हे खरेच. पण मला आणखी एक फरक दिसतो. लँगली साऱ्या देशादेखत पडले. विल्बर पडला तेव्हा पाहायला पाच माणसे होती, आणि तीही हात द्यायला आलेली. हसायला तेथे कोणी नव्हते.

येथे मला माझ्या दादाविषयी लिहिणे भाग आहे. उपमा फार ताणू नये असे आम्हांला मराठीच्या तासाला नेहमी सांगतात, म्हणून बेताने लिहिते.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. बारावी झाल्यावर त्याने तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षात नाव घातले. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पलीकडे गेले नव्हते. अण्णा सातवी, आई चौथी. कॉलेज म्हणजे काय, हे सांगणारे घरात कोणी नव्हते, आळीतही नव्हते. शिष्यवृत्तीच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला लागतो हे त्याला कळले तेव्हा मुदतीला आठवडा उरला होता. एका कार्यालयातून दुसऱ्यात असे हेलपाटे घालून दाखला हाती आला, तो मुदत संपल्यावर नवव्या दिवशी. फी मग उसनवारीने भरली. वर्गात फिजिक्स इंग्रजीतून. शाळेत ज्या शब्दांना तो मराठीत ओळखत होता, तेच शब्द तेथे अनोळखी होऊन समोर यायचे. सकाळची गाडी चुकली की प्रॅक्टिकल बुडे, प्रॅक्टिकल बुडले की जर्नल अपुरे राही. विचारायचे कोणाला? तो शेवटच्या बाकावर बसे. वर्षअखेरीला दोन विषय राहिले. त्याच सुमारास उसने देणारा दारात आला. पुढच्या जूनला दादा कॉलेजात गेला नाही. पंपाच्या मोटारी भरून देणाऱ्या एका दुकानात कामाला लागला, तो आजतागायत तेथेच आहे. आता तांब्याची तार हातात घेतली की ती किती गेजची आहे ते तो डोळ्यांनी सांगतो.

त्याच्या त्या वर्षाविषयी घरात कोणी बोलत नाही. अण्णा बोलत नाहीत, आई बोलत नाही, तो स्वतः तर मुळीच नाही. गावात मात्र पुष्कळ दिवस बोलणे चालले होते. 'कॉलेज करून आला' असे म्हणायचे आणि हसायचे. लँगलींची टर उडवायला वृत्तपत्रे लागली. आमच्याकडे त्यासाठी पारावरची चार माणसे पुरतात.

मी बारावी झाले तेव्हा दादाने मला एक कागद दिला. दुकानाच्या बिलाच्या पाठीवर त्याच्या बारीक अक्षरात लिहिलेला. "दाखले जूनच्या आधी काढ. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. अर्ज भरलास की पावती घे, पावती जपून ठेव. पहिल्या आठवड्यात शेवटच्या बाकावर बसू नकोस, नाहीतर तिथलीच होऊन बसशील. समजलं नाही तर त्याच दिवशी विचार. गाडी चुकली तर घरी परत येऊ नकोस, दुसऱ्या गाडीने जा. अर्धा दिवस गेला तरी चालेल, पूर्ण घालवू नकोस. पैशाचं मला सांग, अण्णांना नको." शेवटी सहीबिही काही नाही. हा कागद अजून माझ्याजवळ आहे. यातली एकही ओळ कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेली नाही. प्रत्येक ओळीमागे त्याचा एकेक महिना गेलेला आहे.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला ग्रामपंचायतीपुढे गुणवंतांचा सत्कार झाला. मला नारळ आणि गुलाबाचे फूल मिळाले. पाहुणे बोलताना म्हणाले, "या घरातून कॉलेजची पायरी चढणारी ही पहिलीच!" टाळ्या पडल्या. गावातला लाउडस्पीकर दादाच लावतो. तो ॲम्प्लिफायरपाशी उभा होता, आवाज कमी-जास्त करत. मला दोन शब्द बोलायला सांगितले तेव्हा मी दोनच वाक्ये बोलले : "आमच्या घरातून कॉलेजात पहिला दादा गेला. मी दुसरी." खाली कोणीतरी हसले. दादाने मान वर केली नाही; पण कर्ण्यातून शिट्टी वाजू लागली, ती त्याने लगेच बंद केली नाही.

घरी आल्यावर म्हणाला, "कशाला काढलीस ती गोष्ट? झाकली होती ती बरी होती."

मला तेव्हा उत्तर सुचले नाही. उत्तर वर्षभराने ग्रंथालयात सापडले, असे मला वाटते. डेटनच्या त्या घरी अपघात झाकला गेला नाही. तो मोजला गेला. काय मोडले, का मोडले, ते लिहिले गेले, आणि लिहिले गेले म्हणून तीन दिवसांनी कामी आले. आमच्यासारख्या घरांत पहिल्यांदा जाणारा पडला की आपण त्यावर चादर घालतो. मग दुसरा जातो तोही अनोळखी वाटेवर, आणि तिसराही. मला अनोळखी वाटेवरून जावे लागले नाही, कारण एका बिलाच्या पाठीवर कोणीतरी आपले साडेतीन सेकंद लिहून ठेवले होते. आपल्या कॉलेजात माझ्यासारखी घरातली 'पहिली' मुले-मुली पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कितीजणांच्या मागे असा एखादा दादा, एखादी ताई, एखादा काका असेल, की ज्याचे नाव पहिल्या वर्षाच्या हजेरीपटात होते आणि दुसऱ्या वर्षाच्या नव्हते?

पण येथेच उपमा थांबते, आणि ती थांबलेली बरी. विल्बरजवळ आपटल्यानंतर दोन दिवस होते, हत्यारे होती, आणि त्याच्याइतकाच जाणता भाऊ शेजारी होता. मोडलेले लाकूड दोन दिवसांत जोडता येते. दादाचे जे मोडले, ते जोडायला त्याच्याजवळ एक नववा दिवससुद्धा नव्हता. 'अपयश ही यशाची पहिली पायरी' हे वाक्य फळ्यावर लिहायला सोपे आहे. ज्याला दुसऱ्यांदा रुळावर उभे राहता येते, त्याच्यापुरते ते खरे आहे.

विल्बरला उभे राहता आले. १७ डिसेंबरला गुरुवार होता. कडाक्याची थंडी, डबकी गोठलेली, वारा ताशी वीस मैलांच्या वर. विल्बरची पाळी १४ तारखेला संपली होती, म्हणून आता ऑर्व्हिल निजला. सकाळी १० वाजून ३५ मिनिटांनी विमान सपाटीवरून, स्वतःच्या जोरावर उठले, बारा सेकंद उडाले आणि १२० फुटांवर उतरले. जीवरक्षक केंद्राच्या जॉन डॅनियल्स यांनी त्या क्षणाचे छायाचित्र घेतले. तेच छायाचित्र सगळ्या पुस्तकांत आहे. १०५ आणि १२० : फरक अवघा पंधरा फुटांचा. पण चौदा तारखेच्या उड्डाणाला या भावांनी स्वतःच उड्डाण मानले नाही. ते उतारावरून होते आणि त्याचा शेवट धड झाला नव्हता. मोजमापाच्या बाबतीत ते असे कडक होते, आणि विल्बरनेही त्यावर कधी हक्क सांगितला नाही.

त्या दिवशी आणखी तीन उड्डाणे झाली, आळीपाळीने. चौथे दुपारी बाराच्या सुमारास विल्बरचे : ५९ सेकंद, ८५२ फूट. दिवसातले सर्वांत लांब. मग विमान जमिनीवर उभे असताना वाऱ्याचा झोत आला आणि त्याने ते उलथून टाकले. ते पुन्हा कधी उडाले नाही. आज ते वॉशिंग्टनच्या संग्रहालयात आहे. विल्बर १९१२ साली विषमज्वराने वारला, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी. ऑर्व्हिल १९४८ पर्यंत जगला.

चौदा तारखेचेही एक छायाचित्र आहे, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. अपघातानंतर लगेच घेतलेले. विमान वाळूत वाकडे बसले आहे, पुढचा सांगाडा मोडून पडला आहे आणि विल्बर अजून खालच्या पंखावर पालथाच आहे, हात दांड्यावर. उठलेला नाही. मी त्याची झेरॉक्स काढली आणि दिवाळीत घरी नेली. सगळी हकिगत दादाला सांगितली, अगदी पळून गेलेल्या कुत्र्यापर्यंत. तो मोटार भरत होता. हात पुसून त्याने कागद घेतला, उजेडाकडे धरला आणि बराच वेळ पाहत राहिला. मला वाटले, तो काही मनातले बोलेल. त्याने विचारले, "दुरुस्तीला किती दिवस लागले म्हणालीस?"

"दोन."

त्याने मोडलेल्या भागावर बोट ठेवले. "बरोबर आहे. पुढचंच मोडलंय. पंख शाबूत आहेत." मग थोड्या वेळाने, तार गुंडाळता गुंडाळता म्हणाला, "तुमच्या कॉलेजात बाहेरून परीक्षेला बसता येतं का गं? चौकशी कर. माझ्यासाठीच असं नाही, सहज."

मी कार्यालयात चौकशी केली आहे. कोणकोणते दाखले लागतात, त्याची यादी मी एका बिलाच्या पाठीवर लिहून घेतली आहे. मुदतीला अजून पुष्कळ दिवस आहेत.